दीपमालेला झोप येत नाही

प्रिय दादा,

"मले पेशंट समज अन् इचार," म्हणत आई लसूण सोलता सोलता माझ्यासमोर सरकून बसली. मानसिक आरोग्याच्या कोर्सची तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि मला सरावाला कोणी मिळत नव्हतं.

"नाव काय तुमचं?"

"दीपमाला."

आत्याचं नाव ऐकून मी हसले.

"दुसरं कोन्तं घेऊ? तिनंच डोकं खाल्लं सगळ्याईचं."

मग दीपमालाबाई सांगू लागल्या. त्यांना झोप येत नाही. विहिरीवर गेल्या की घरी परतावंसं वाटत नाही. आईचे हात थांबले होते. दादा, आत्याच्या दारात नळ आहे. विहीर आपल्याकडे आहे.

पुढे ती जे बोलली ते लिहीत नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हे मी त्याच कोर्समध्ये शिकले, जो सोडून नुसतं बी.ए. कर असं तू फोनवर सांगतोस. एवढं लिहिलं तेही जास्तच झालं, म्हणून हे पत्र टाकणार नाही. घरच्या माणसाचा इलाज आपण करायचा नाही, हेही तिथेच शिकवलं.

"उद्या बुलडाण्याच्या डॉक्टर मॅडमकडे जाऊ," मी म्हटलं.

"उद्या तुया बी.ए.चा पेपर हाय ना?"

"हाव."

"मंग परवा पाहू."

"परवा नाही, आई."

आज रात्री मी तिच्याजवळच झोपणार आहे.

तुझी,
काजल

सकाळी देऊळघाटहून पहिल्या बसने आम्ही बुलडाण्याला गेलो. पेपर बुडाला. आई मॅडमकडे बराच वेळ आत होती. मी बाहेर बसून राहिले.