खिडक्या कुठे आहेत?

प्रिय गवंड्या,

लोकांसाठी तू मोठा आर्किटेक्ट. मला मात्र तू अजून चर्चच्या बाकावर गीतपुस्तकांच्या भिंती रचणारा गवंड्याच आहेस. त्या सभेपासून तुझा फोन नाही. मी केला की सूनबाई उचलते आणि तू साइटवर आहेस म्हणते. बिचारीला धड खोटंही बोलता येत नाही, मागून तुझा खोकला ऐकू येतो. त्यावर काही औषध घेतोयस की नाही?

इथे मंडळीत आता दोनच पक्ष उरलेत. चर्चच्या जुन्या दगडी भिंतीला लागून तुझी नवी इमारत हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे. नको म्हणणाऱ्यांनी मला फुकटात पुढारी करून टाकलंय. वखारवाले काका परवा घरी येऊन म्हणाले, वहिनी, आम्हाला तासभर बोलून जमलं नाही ते तुम्ही एका वाक्यात करून दाखवलंत! वर चहा मागून प्यायले. तोच चहा त्यांच्या डोक्यावर ओतावा असं मनात आलं होतं. रविवारी मतदान आहे आणि पाळकसाहेब म्हणतात, तुझा आराखडा थोडक्यात पडणार.

तू रागावलास यात तुझं काय चुकलं? सगळ्यांसमोर तू ती पुठ्ठ्याची इमारत मांडलीस. मुलांचे वर्ग, म्हाताऱ्यांसाठी उतरता रस्ता, आणि दर्शनी भिंत अख्खी काचेची, म्हणजे आत बसूनही जुना दगड दिसत राहील. इतकं समजावून झाल्यावर तुझी सख्खी आई पुढे वाकते आणि विचारते, खिडक्या कुठे आहेत? सगळे खो खो हसले. माझी जीभ तिखट हे कुणाला माहीत नाही? त्यात मी जुन्याला कवटाळून बसलेली, नवीन गीत म्हटलं की नाक मुरडणारी, ऑर्गनवर वर्षानुवर्षं तेच ते वाजवणारी. तुझा चेहरा उतरला असणार. तू सगळं आवरून निघून गेलास, तेसुद्धा मला शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं.

तो टोमणा नव्हता रे. मला खरंच दिसल्या नाहीत. काचही दिसली नाही. जिथे नजर लावावी नेमका तिथेच राखाडी डाग येतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहिलंय ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. नवीन गीतांना मी नाही म्हणते ते स्वरलिपी वाचता येत नाही म्हणून. जुनी बोटांना पाठ आहेत. हे पत्रही जाड पेनाने, अंदाजपंचे लिहितेय. त्याच सभेत हे बोलले असते तर तुझी मान खाली गेली नसती. पण मग लोकांनी कळवळून मला ऑर्गनवरून उठवलं असतं, आणि तुझे बाबा गेल्यापासून मला बरं वाटतं ते तिथेच बसल्यावर. म्हणून गप्प राहिले. वाटलं, तुझा राग परवडेल. नाही परवडत.

रविवारी मतदानाआधी उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे. मग ऑर्गन राहो नाहीतर जावो. पण दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. शनिवारी ये. माझा हात धरून मला त्या भिंतीपाशी ने आणि तुझी इमारत कुठून कुठवर, दार कुठे, ऊन कुठून येणार, ते सगळं चालवून दाखव. आत्ताच सांगून ठेवते, एवढी काच मला काही पटलेली नाही. त्यावरून आपलं कडाक्याचं भांडण होईल, होऊ दे. फक्त आपण कशावरून भांडतोय ते या वेळी मला नीट कळू दे.

कुठल्याही पक्षात नसलेली,
तुझीच
आई