थेंब कोणाच्या डोळ्यात घातले, याचा खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
नेत्र रुग्णालय.

विषय : यजमानांना मंजूर झालेले औषध दुसऱ्या रुग्णास दिल्याबाबत.
संदर्भ : औषध भांडाराची नोटीस, दि. ४.

महोदय,

वरील नोटीस माझ्या यजमानांच्या नावे आली आहे. ते आपल्याच रुग्णालयाच्या बागेत एकोणीस वर्षे माळी आहेत. ते सांगतात, मी लिहिते. कुठे कडू शब्द आला तर तो माझा समजावा. ते स्वभावाने गरीब आहेत.

१. कुंपण छाटताना त्यांच्या उजव्या डोळ्याला वाळकी काडी लागली. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका आला. बाह्यरुग्ण विभागात "नुसती सूज आहे" म्हणून सुजेवरचे थेंब दिले. लाली उतरली, आम्हाला हायसे वाटले. पुढे मोठ्या डॉक्टरबाईंनी बुबुळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कळले की आत बुरशी होती आणि त्या थेंबांनी तिला खतपाणीच घातले होते.

२. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही हट्टी असते. बुरशीवरचे थेंब दर तासाला घाला, सहा आठवडे. तुम्ही कंटाळलात की ती जिंकली." आम्ही कंटाळलो नाही. मी शिलाईची कामे परत केली आणि घड्याळासमोर बसले. औषध आत मुरावे म्हणून बाई दर चार दिवसांनी वरचा थर खरवडत. यजमान खाटेची दांडी घट्ट धरून पडून राहत. ठिपका आक्रसू लागला होता. नवव्या दिवशी भांडारातले थेंब संपले.

३. नवीन मागणीसाठी भांडारपालांनी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. त्याला दोन आठवडे लागले, कारण तिथे बुरशी सावकाश वाढते म्हणे. डोळ्यात तिने घाई केली. अहवाल आला, पण त्यात वय एकोणपन्नासऐवजी चौऱ्याण्णव पडले होते, म्हणून तो दुरुस्तीला परत गेला. यजमान भांडाराच्या खिडकीपाशी म्हणाले, "राहू द्या साहेब, या रांगेत तेवढे होतीलच." त्यानंतर ते थट्टा करताना मला दिसले नाहीत. बुबुळाला भोक पडले. दात्याचे बुबुळ बसवले. बुरशीने तेही खाल्ले. एकोणीस तारखेला डोळा काढावा लागला. तेवीस तारखेला पत्र आले : अठरा बाटल्या मंजूर.

४. त्याच वॉर्डात टोपल्या विणणारी एक बाई आहे. तिच्या डोळ्यात बांबूची बारीक कूस घुसून हीच बुरशी झाली. तिचा दुसरा डोळा लहानपणीच गेलेला, आणि तिचा अहवाल अजून यायचा आहे. यजमान डोळ्यावर पट्टी बांधूनच भांडारात गेले, सही करून सहा बाटल्या घेतल्या आणि तिच्या उशाशी नेऊन ठेवल्या. मी म्हटले, "अहो, हे नियमात बसत नाही." ते म्हणाले, "मी तरी कुठे बसलो?" बाटल्या आहेत म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी त्याच तासापासून थेंब सुरू केले.

५. नोटिशीत विचारले आहे : "औषध स्वतःच्या डोळ्यात न वापरण्याचे कारण काय?" कारण, डोळा नाही. तसा आपल्याच सहीचा दाखला सोबत जोडला आहे.

६. त्या बाईचा ठिपका आता मोहरीएवढा उरला आहे. काल तिने खिडकीचे गज मोजून दाखवले, आणि बरोबर मोजले. तिच्याकडची शेवटची बाटली परवा संपेल. भांडारात यजमानांच्या नावावर बारा पडून आहेत. यजमानांना जी शिक्षा द्यायची ती द्यावी, आम्ही अपील करणार नाही. पण त्या बाटल्या अडवू नयेत, एवढीच विनंती आहे. यजमान उद्या दहा वाजता भांडाराच्या खिडकीवर येतील. सही करायला एक डोळा पुरतो.

सोबत : १) डोळा काढल्याचा दाखला. २) नोटिशीची प्रत.

दि. ७

आपली नम्र, पण गप्प न बसणारी,
(सही)
बागेतल्या माळ्याची बायको