केसांच्या टोपाला तेल

ताई,

तुला जाऊन वर्ष होईल, तरी तुझा केसांचा टोप मी तू शिकवलंस तसाच सांभाळते. गार पाण्यात बुडवते, पिळत नाही, टोकांकडून वर विंचरते. आजारपण आईला कळू नये म्हणून तू तो घालायचीस. त्या खोटेपणात मीही होतेच.

हल्ली आईचं डोकं ठिकाणावर नसतं. स्टँडवरच्या टोपाला ती तूच समजते आणि रोज मुळांशी तेल चोळते. "अगं, तेलाने टोपाच्या जाळीला बांधलेल्या केसांच्या गाठी सुटतात, केस निघतात," असं मी कानीकपाळी ओरडते. ती म्हणते, "तू गप गं! पोरीचं डोकं बघ किती कोरडं पडलंय." एकदा टोप कपाटात कोंडला, तर बाई दिवसभर जेवली नाही. मग काय, दिला काढून.

आज ती केसांचा पुंजका मुठीत घेऊन आली. मी तोंड सोडणार, तेवढ्यात हळूच म्हणाली, "पुन्हा गळायला लागलेत. या वेळी तरी माझ्यापासून लपवू नका."

मी तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

तुझीच,
धाकटी