मागे घेतलेला होकार

बाबा, आज दुपारी मी एका मुलीला दिलेला होकार मागे घेतला. लग्नाचा नव्हे, तेवढं नशीब कुठलं. तिने केलेल्या एका कामाला मी चारचौघांत हो म्हटलं होतं, आणि आज त्याच चारचौघांत नाही म्हटलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून आधी काम काय ते सांगतो.

प्रोग्राम लिहिणारे लोक आपलं लिखाण टप्प्याटप्प्याने जपून ठेवतात. कोणी काय बदललं, कशासाठी बदललं, सगळं राहतं, आणि बिघडलं तर मागच्या टप्प्यावर परत जाता येतं. त्यासाठी एक साधन लागतं. असंच एक छोटं, सगळ्यांना फुकट मिळणारं साधन आम्ही दहा-बारा जण मिळून सांभाळतो. कोणी पुण्यात, कोणी परदेशात, आणि मी आरमोरीत, झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात. त्या साधनात स्वतःचा बदल कोणालाच परस्पर घालता येत नाही. दुसऱ्यांनी तो ओळ न् ओळ वाचायचा, शंका काढायच्या, मग हो म्हणायचं. तिघांचे हो झाले की बदल पुढच्या आवृत्तीत जातो; ती निघेपर्यंत दिलेला हो मागे घेता येतो.

ही मुलगी सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरची. कॉलेजात तिच्या गाडीच्या सीटवर सिमेंटची पांढरी धूळ असायची, आणि उतरल्यावर ती पाठ झटकत वर्गात यायची. मी कॉलेज मधेच सोडलं हे तुम्हाला आईनं फोटोपुढे सांगितलं असेलच. प्रोजेक्टच्या सरांनी चुकीचं शिकवलं, मी भर वर्गात त्यांच्या टेबलावर फाईल आपटली, माफी माग म्हणाले, मी बॅग उचलली. गेटपर्यंत ती मागून आली. म्हणाली, "तुह्यं बरोबर होतं. पण तू असा बोलते का नाई, की बरोबर असलेलंही कोणाले मानावं वाटत नाई." मी तिलाही काहीतरी वाईट बोललो. त्यानंतर ती पुण्याला नोकरीला गेली आणि आमच्यात उरलं ते हे साधन. तिचं लिखाण मी नाव न बघता ओळखतो. प्रत्येक उत्तराच्या आधी एक ओळ कोरी सोडते. लोक प्रेमपत्रं वाचतात, मी तेच वाचतो.

मागच्या आठवड्यात आठ महिन्यांनी तिचा मेसेज आला. "माझा बदल टाकलाय. तिसरा हो तुझा हवा. बघशील ना?" आता ती आपल्यासारखं 'बघशीन' नाही, पुण्यासारखं 'बघशील' लिहिते. मी दोन मिनिटांत हो ठोकला, वर 'झकास' लिहिलं. येत्या सोमवारी नवी आवृत्ती निघणार, त्यात तिचं काम जाणार. तिनं हसरा चेहरा पाठवला. तो मी किती वेळा उघडून पाहिला ते सांगत नाही.

बदल असा होता. ते साधन कामाची एक यादी ठेवतं. पूर्वी नवी यादी वेगळ्या कागदावर पूर्ण उतरवायचं आणि झाली की जुनीच्या जागी एका झटक्यात ठेवायचं. तिनं तो वेगळा कागद काढून टाकला. जुनी यादी पुसायची आणि तिथंच नवी लिहायची. काम वेगात होतं, त्यात खोट नाही. पण पुसून झालं आणि लिहून व्हायच्या आत लाईट गेली तर? जुनी गेली, नवी आली नाही. पुण्यात हा प्रश्न तिला पडला नाही. आरमोरीत तो मला पडायलाच पाहिजे होता.

आणि बाबा, तिथंच मला ते छप्पर आठवलं. मी नववीत. नदीकडच्या त्या बाईंच्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं, पावसाआधी फेरायला तुम्ही मला नेलं होतं. तुमची पद्धत सारा गाव जाणत होता. दुसरे लोक अख्खी बाजू उघडून मोकळे व्हायचे. तुम्ही मात्र हातभर पट्टा उघडायचात, खालच्या कुजलेल्या बांबूच्या कामट्या बदलायचात, उंदरांची घरं काढायचात, कवेलू परत बसवायचात, मगच पुढे सरकायचात. "जेवढं आत्ता झाकून होते, तेवढंच उघडाचं." मला त्याचा राग यायचा. त्यात तुम्ही म्हणालात, "तू खालीच राय, मले कवेलू देत जाय." तुम्ही कामट्या आणायला गेलात आणि मी वर चढलो. तुम्ही यायच्या आत अख्खी बाजू उघडून दाखवतो म्हटलं. उघडली. मग पावसाची सर आली. खाली ढोलीत, त्या बांबूच्या कणगीत, बाईंचं बियाण्याचं धान होतं, ते भिजलं. ढोलीचं झाकण काढून बाई बघतात, आणि वरून मी बघतोय.

तुम्ही धावत आलात. मी तोंड उघडलं नाही. "माह्याकडून चुकलं बाई," तुम्ही म्हणालात. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून भाऊ? तुमी तं कधी असं करत नाई." चार दिवस त्यांच्या अंगणात आपण दोघं धान पसरत होतो, हलवत होतो. बरंचसं वाचलं, थोड्याला मोड आले. तुम्ही मला मारलं नाही. त्या पहिल्याच संध्याकाळी परत येताना एवढंच म्हणालात, "आज तू बोलला नाईस म्हणून मी बोललो. पुढच्या वेळी तूच बोलशीन." त्याच हिवाळ्यात कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. पुढची वेळ आलीच नाही.

आज सकाळी मी दुकानातला जुना, बॅटरी नसलेला कॉम्प्युटर घेतला, तिचा बदल त्यात चालवला आणि काम चालू असताना वायर ओढली. मालक गिऱ्हाईकाचा फॉर्म सोडून आले.

"अबे, घडीघडी वायर काऊन उपसून राह्यला?"

"टेस्ट करून राह्यलो भाऊ."

"कायची टेस्ट? लाईट गेल्यावर मशीन बंद होते का, हे पाहून राह्यला? मले विचारलं असतं तं मी सांगतलं असतं लेका!"

फॉर्मवाली बाई हसली, मीही हसलो. चौथ्या वेळेस यादी गेली. अर्धवट ओळ, पुढे काही नाही. सहाव्या वेळेस पुन्हा गेली. माझ्यासारख्या कोणाचं तरी दिवसभराचं काम असंच जाणार होतं.

मग उत्तर लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं ते गेटवरच्या माझ्यासारखंच होतं, 'एवढंही कळत नाही का'. पुसलं. दुसऱ्यांदा इतकं गोड लिहिलं की ते 'नाही' आहे हेच कळेना. तेही पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं: वेग वाढलाय, ते खरं आहे. पण लिहिताना वीज गेली तर यादी हरवते. मी सहा वेळा करून पाहिलं, काय झालं ते खाली जोडलंय. वेगळा कागद परत आणला तर बाकीचा बदल चांगला आहे. माझा हो मी मागे घेतो. आणि शेवटी हेही लिहिलं, की ही ओळ मला पहिल्या वाचनातच खटकली होती, तरी मी हो म्हटलं, ती चूक माझी. सगळ्यांपुढे. ती आता कधीच बोलणार नाही असं धरून पाठवलं.

तासाभरानं मेसेज आला. "लाईट अजून जाते का रे तिकडे?"

"जाते."

"खरंच वायर ओढली?"

"सहा वेळा."

मग, "सुधारून टाकते. पण आता तरी वाचून हो म्हणशीन." म्हणशीन, असंच लिहिलंय. राग आहे का, काय आहे, माहीत नाही. नवा बदल आला की ओळ न् ओळ वाचणार, आणि चुकलं असलं तर पुन्हा नाही म्हणणार. एवढं ठरलंय.

हे कागद कुठे पाठवणार? कपाटात तुमच्या फोटोमागे ठेवले तर आई वाचेल, म्हणून तिथंही ठेवत नाही. पण जे तिला सगळ्यांपुढे लिहिलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सर अचानक आली असं मी नंतर धान हलवताना बाईंना सांगितलं, आईला सांगितलं, तुम्हालाही सांगितलं. छपरावर मी होतो बाबा, सगळ्यांत उंच. ढग मला दिसला होता.