चौदाशे पौंडांचं पाप

प्लम क्रीक, नेब्रास्का
मंगळवार, १४ एप्रिल २००९

आदरणीय सिस्टर मेरी क्लोटिल्डा,

(हे पाकिटावर शोभावं म्हणून. आत मात्र तू माझी रोझीच आहेस, आणि सहा वर्षांनी मोठी असल्यामुळे तुझ्यापुढे गुडघे टेकायला माझी हरकत नाही. हरकत गुडघ्यांची आहे.) ईस्टर छान झाला असेल. खुब्याचं दुखणं कसं आहे? थंडीत त्या दगडी चॅपेलमध्ये तासन् तास बसू नकोस, देवाला उबदार खोलीतूनही ऐकू येतं. मदर सुपीरिअरना माझा नमस्कार सांग. खसखशीचे कोलाचे, आपले ते गोड पाव, पाठवले होते, ते सगळ्यांत वाटलेस की नेहमीसारखे कपाटात ठेवलेस, ते मी विचारत नाही.

डोलोरेसचा फोन तुला आलाच असेल. आपली ही चुलत बहीण कोणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून ओळखते. तिनं सांगितलं असेल की लिओनाला वेड लागलंय आणि तिनं विमान घेतलंय. यातला दुसरा भाग खरा आहे. पहिल्या भागाबद्दल पत्र संपल्यावर तू ठरव.

तुला ठाऊकच आहे, अडतीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसले. ट्रक यायचा, भरलेल्याचं वजन, रिकाम्याचं वजन, पावती, पुढचा. त्या खिडकीतून दोनच गोष्टी दिसायच्या: ट्रकवाल्यांची पोटं, आणि जूनमध्ये पिकांवर औषध मारणारी विमानं. ती विमानं कोठाराच्या टोकाशी येऊन एका पंखावर आडवी व्हायची आणि वळायची, आणि दर वेळी माझा हात पावतीवर थांबायचा. ट्रकवाले म्हणायचे, "बाई, काटा खाली आहे, वर नाही." अडतीस वर्षांत ही कोटी मी किती वेळा ऐकली असेल ते तूच मोज. मी पावती फाडून द्यायचे. पगार बोलण्याचा नव्हता.

निवृत्त झाल्यावर विमान उडवायला शिकले, हे तुला माहीत आहे. हलक्या विमानांपुरतं छोटं लायसन्सही मिळालं. पण ज्याच्या विमानावर शिकले त्या गृहस्थानं हिवाळ्यात विमान विकलं आणि तो ॲरिझोनात ऊन खायला गेला. म्हणजे आता स्वतःचं घेतल्याशिवाय जमिनीवरून सुटका नाही. आपल्या धावपट्टीवर शेडसमोर प्लास्टिकच्या चार खुर्च्या आहेत. त्यांवर कॉफीचे कप घेऊन चार म्हातारे बसतात आणि जगातल्या सर्व विमानांचा निवाडा करतात. मर्ल त्यांचा मुखिया. तो म्हणाला, "लिओना, सगळे घेतात तेच घे. सुटे भाग मिळतात, गिऱ्हाईक मिळतं." पण सगळे घेतात त्या विमानाला डॉक्टरांचा दाखला लागतो. माझ्या हृदयात सहा वर्षांपूर्वी डुकराची झडप बसवली आहे. (उत्तम चालते. नेब्रास्कातल्या डुकरांबद्दल मी त्यानंतर एक शब्द वाईट बोललेले नाही.) डॉक्टरांच्या दाखल्याऐवजी नुसत्या मोटारीच्या लायसन्सवर उडवायचं, तर विमानाचं कागदावर मंजूर असलेलं भरलेलं वजन तेराशे वीस पौंडांच्या आत हवं. असं जुनं, दोन आसनांचं, माझ्या ऐपतीतलं विमान म्हणजे एरकूप. सत्तर वर्षांपूर्वीची कल्पना. शेपटीला दोन पाती, आणि सुकाणूसाठी पायात पेडल नाहीत. मोटारीसारखं चाक फिरवलं की वळतं. बाजूच्या वाऱ्यात खेकड्यासारखं तिरकं उतरतं आणि जमिनीला टेकल्यावर स्वतःच सरळ होतं. खुर्चीवाले याला विमान मानत नाहीत. मर्ल म्हणाला, "ते पाय नसलेल्यांसाठी आहे." मी म्हटलं, "मर्ल, डोकं नसलेल्यांसाठी एखादं असलं तर तुझ्यासाठी बघून ठेव."

पहिलं पाहायला गेले ते आयोवात. जाहिरातीत लिहिलं होतं, 'कायम छपराखाली'. छप्पर होतं, पण कोंबड्यांचं. डाव्या पंखावर मांडून ठेवल्यासारखी अकरा अंडी होती आणि शेपटीत उंदरांचं घराणं नांदत होतं. मालक म्हणाला, "इंजिन तर ऐका." मी ऐकलं. ते कोंबड्यांनीही ऐकलं, आणि त्यानंतरचा अर्धा तास मी माझ्या चांगल्या कोटावरून पिसं वेचण्यात घालवला.

दुसरं कॅन्ससमध्ये. मालक वेंडेल गर्टझन, मेनोनाइट पंथाचा शेतकरी, वर्षाला शंभर शब्दांवर भागवणारा माणूस. विमान निळं. मला आत बसवून तो शेजारी बसला, आणि गव्हाच्या शेतातून आम्ही वर गेलो. हजार फुटांवर त्यानं दोन्ही बाजूंच्या काचा खाली सरकवल्या. हो, उडताना! रोझी, मी ट्रकमध्ये ठेवतात तसं कोपर बाहेर ठेवलं. मार्च महिना, खाली कोवळा गहू, एका अंगणात बाई चादरी वाळत घालत होती, तिनं मान वर केली आणि हातातली चादर तशीच राहिली. तो हात मी ओळखला. माझाच होता तो, काट्याच्या खिडकीतला. मग वेंडेलनं चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "घ्या." मी उजवीकडे एक वळण घेतलं. सावकाश, एका पंखावर. ते वळण पुरं होऊ नये असं मला वाटत होतं. खाली उतरल्यावर वेंडेलनं हात पुढे केला. मी तो धरला. सौदा झाला.

इथे चूक झाली. आधी मेकॅनिककडून विमान आणि कागद तपासून घ्यायचे आणि मग हात मिळवायचा, हे खुर्च्यांवरचा प्रत्येक माणूस झोपेत सांगेल. मी उलट केलं. विमान इथे आलं, आणि लोवेल मेकॅनिकनं एक दिवस इंजिनात आणि एक दिवस कागदांत घालवला. इंजिन उत्तम. मग तो पुसलेल्या हातांनी एक पिवळा कागद घेऊन आला. "लिओना, जरा बस."

"उभ्यानं सांग."

"बावन्न साली कोणीतरी याचं भरलेलं वजन वाढवून घेतलंय. चौदाशे पौंड."

"मग कमी करून घे. मी अडतीस वर्षं वजनं केली आहेत, मला त्यात काय अवघड ते सांग."

"होत नाही. एकदा कागदावर वाढलं की संपलं. परत उतरवलं तरी सरकार धरत नाही. आता हे उडवायला कायम डॉक्टरांचा दाखला लागणार."

रोझी, आपल्याला सिस्टरांनी बारा वर्षं काय शिकवलं? खून केला, व्यभिचार केला, तरी मनापासून कबुली दिली की माफी आहे. आणि सत्तावन्न वर्षांपूर्वी कोण्या अनोळखी माणसानं, बहुधा जाड बायकोला जत्रेला न्यायला म्हणून, एका कागदावर सही केली, त्याला माफी नाही! रिकामं विमान तेव्हाही साडेआठशे पौंड आणि आजही साडेआठशे. एका दाण्यानंही जड झालेलं नाही. मी सरकारला तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या पत्राबद्दल आभार'. व्याकरण शुद्ध होतं, तेवढ्यापुरता राग आवरला.

तेव्हापासून पूर्ण लायसन्सवाला शेजारी असला तरच मी माझं विमान उडवू शकते. म्हणजे मर्ल. तो आत बसला की टाकी अर्धीच भरावी लागते, आणि त्याच्या बाजूची काच खाली घेऊ देत नाही, टोपी उडते म्हणून. वळण घ्यायला लागले की म्हणतो, "पुरे." मी तीनदा गेले, आता नेत नाही. रोज दुपारी शेडमध्ये जाते, आत बसते, दोन्ही काचा खाली घेते. कोपर बाहेर ठेवते. मग काचा वर करून घरी येते.

लोवेल म्हणतो, हे विकून दुसरं घे, वजन न वाढवलेलं. पिवळं एक आहे, मिनेसोटात. मी फोटो पाहिला. विमान चांगलं आहे. मला ते नको आहे.

प्रकृतीला जप. लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलनं येत आहेत.

तुझी धाकटी,
लिओना

ता. क. दुसरा एक मार्ग आहे. डॉक्टरांचा दाखला मागायचा. झडप असूनही देतात म्हणे, तपासण्यांचा ढीग दिला की. पण मागितला आणि नाकारला, तर मोटारीच्या लायसन्सवर उडवायचा हक्कही जातो. मग निळंही नाही, पिवळंही नाही. डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी, दहा वाजता.

पुन्हा ता. क. आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. अर्जात एक प्रश्न आहे: 'आयुष्यात कधीही शुद्ध हरपली होती का?' १९५५चा गुड फ्रायडे तुला आठवतो? मी सोळा वर्षांची, सकाळपासून पोटात काही नाही, चर्चमध्ये तिसऱ्या बाकाजवळ कलंडले. ती चक्कर होती, की मी फार मनापासून प्रार्थना करत होते? त्या वेळी माझ्याजवळ फक्त तू होतीस. तू नन आहेस. तू म्हणशील तेच मी लिहीन. डॉक्टरांच्या आदल्या बुधवारच्या आत फोन कर.

आणखी एक. पाकीट बंद करून पुन्हा फोडलं आहे. तू विचारात पडून रात्रभर जागशील, म्हणून अर्जावर 'होय' वर खूण केली. शाईनं. खुलाशाला एकच ओळ होती, तीत लिहिलं: 'उपास. वय सोळा. मोठ्या बहिणीनं धरलं.' तेव्हा तुला काही ठरवायचं नाही. फोन मात्र कर. मदर सुपीरिअर सोडत असतील तर त्या बुधवारी मी तुला न्यायला येते, मोटारीनं. डॉक्टरांकडे जायला मला कोणी नको. परत येताना असलं तर बरं.