जिभेच्या मापाचं फूल

सोमवार

आले बाई एकदाची! नातीनं दारातच मिठी मारली नि म्हणते कशी, आजी, आता दिसेल ते रोज लिहायचं. अगं, माझी शाळा दुसरीतच सुटली, अक्षर म्हणजे मुंगीचे पाय! पण तिचा हट्ट. तर, पोरगी पतंगांच्या, म्हणजे रात्रीच्या पाखरांच्या, मागे लागलीय. लग्नाचं विचारलं की हसते. हॉकमॉथ म्हणतात त्यांना. दिवेलागणीला अंगणातल्या पांढऱ्या फुलांवर येतात, न बसता हवेतच थरथरत राहतात आणि लांब जीभ आत सोडून मध पितात. देखणे हो! नात सांगते, जेवढी लांब जीभ, तेवढं खोल त्याचं फूल. जीभ मोजली की निम्मी ओळख पटली.

मंगळवार

शेजारचा मधवाला तणतणत आला. तुमचे लाडके माझ्या मधमाश्यांच्या पेट्या लुटतात, म्हणाला, एकेकाला ठेचतो. मी म्हटलं, ठेच बाबा, आधी चहा घे. दोन कप प्याला मेला!

संध्याकाळी एक नवाच पतंग आला. काळाभोर, मुठीएवढा. जीभ जाड, टोकाला काटा. नात म्हणाली, या जिभेच्या मापाचं फूल इथं नाहीच. आनंदानं नाचली. मीही टाळ्या पिटल्या.

बुधवार

मधवाला गेला. पेट्या फोडलेल्या, आणि स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून आपटून — कवटी उकलली होती. भिंतीला केस चिकटलेले. पोलीस म्हणाले, वेड लागलं. पण नातीनं त्याच्या कानातून तो काळा चिमट्यानं ओढला. जिवंत. जीभ निघता निघेना.

मी म्हटलं, आवर चंबूगबाळं, निघू. तर म्हणे, अजून याला नाव नाही गं आजी. एकच संध्याकाळ.

गुरुवार

जाळी घेऊन अंगणात गेली. मला आत बसायला बजावलं. मग किंकाळी —

तिच्या कानावर तो. पंख फडफडत होते. ती पायरीवर डोकं आपटत होती. धरवेना. मुसळ उचललं. पतंगावरच मारलं, पण कानासकट — हाड वाजलं —

ओढत आत आणली. श्वास आहे. मला इथं सोडून गेलेल्या ड्रायव्हरला फोन केला, दवाखान्यात न्यायला निघालाय.

खिडकीतून आत आलेत. खूप.

तिचा फुटका कान माझ्या पोटाशी दाबलाय. दुसऱ्यावर माझा हात. हात भोसकतायत. काढणार नाही. डॉक्टर, पोरगी वेडी नाही, तिच्या कानात —

माझे दोन्ही कान मोकळे. एक बसला. जीभ गार आहे, आत आत जा