पुंजारामांचा फेटा आणि माझी डावी लाथ

श्रीगोंदा
२१ फेब्रुवारी १९७१

तीर्थस्वरूप कारभारीमामांच्या चरणी मच्छिंद्रचा सप्तांग नमस्कार (आठवं अंग म्हणजे उजवा पाय, तो हळद लावून पाटावर ठेवला आहे). मामींचा दमा आणि तुमचा राग, दोन्ही थंडीबरोबर ओसरले असतील अशी आशा आहे. इकडे आई ठणठणीत आहे. मला शिव्या देताना तिला धापसुद्धा लागत नाही.

तुम्ही जमवत आणलेलं घोडेगावचं स्थळ फिसकटलं, हे कानावर आलंच असेल. दोष छगनचा. हा माझा चुलतभाऊ पलटणीतून रजेवर आला तो कराटे नावाची जपानी विद्या घेऊन. त्यातली एक लाथ त्यानं मला शिकवायला घेतली. आधी गुडघा उचलायचा, मग खालच्या पायाची टाच फिरवायची, कंबर वळवायची आणि शेवटी पाय सोडायचा. माझी टाच फिरायची तेव्हा कंबर विचारात पडलेली असायची, आणि ती वळेपर्यंत मी शेणात. (छगन म्हणे, जपानातही असंच पडतात. तिथे शेण असतं का, ते मी विचारलं नाही.) सरावाला त्यानं गोठ्यात सरकीच्या पेंडीचं पोतं टांगलं. ओल लागून ती पेंड दगड झाली होती, हे घरात फक्त म्हशीला ठाऊक होतं. मला पहिल्याच लाथेत कळलं.

दुसऱ्या दिवशी मालनचे वडील, पुंजाराम व्यापारी, मुलगा बघायला आले. मालनला मी तुमच्याकडे जत्रेला आलो तेव्हा पाहिलं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, हे तुम्ही जाणताच. पुंजारामांचा जन्म गेला गुरांच्या बाजारात. चहाला हात लावण्याआधी त्यांनी मला उकिरड्यापर्यंत चालवून परत आणलं. दातही बघतील म्हणून मी तोंड मिटून चाललो. मग ते आईला म्हणाले, "पोरगं उजवा पाय धरतंय. जुनं दुखनं हाय का?"

मामा, लंगडा ठरून मालन हातची जायची वेळ आली. काय करणार? सुजलेल्या पायावर उभा राहिलो आणि डाव्या पायानं ती लाथ करून दाखवली. गुडघा, टाच, कंबर, सगळं आयुष्यात पहिल्यांदा एकदम जमलं (छगनच्या डोळ्यांत पाणी आलं). पुंजारामांचा फेटा कौलांवर गेला. डोक्याला वारासुद्धा लागला नाही, पण होणाऱ्या सासऱ्याचा फेटा जावयाच्या पायानं उडाला की मागे काय उरतं, ते तुम्हाला सांगायला नको. आईनं तोंडाला पदर लावला. पुंजाराम उघड्या डोक्यानं उठले आणि शांतपणे म्हणाले, "लंगडा असता तर पदरात घेतला असता. लाथाड्या जनावर आमी दावनीला बांधत न्हाई."

तेव्हा मामा, नवा फेटा घेऊन त्यांच्याकडे जा आणि माझी खोड मोडली असं सांगा. बाजारात तुमच्या शब्दाला मान आहे. छगनची रजा संपली आहे, हेही सांगा.

आपला (एका पायावर उभा) भाचा,
मच्छिंद्र

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो तर पुंजारामांचा माणूस दारात. कौलांवरचा फेटा न्यायला आला असेल म्हणून मी शिडी आणली. पण तो निरोप घेऊन आला होता. मालननं बापाला स्वच्छ सांगितलं म्हणे, "आपल्या लाथाड्या म्हशी मीच पिळते न्हवं? मग ह्याला बी बघते मी." पुंजाराम कबूल झाले.

आणखी ता. क. नवा फेटा राहू द्या. मी फार आनंदात आहे, मुहूर्त लवकरचा धरा. फक्त त्याआधी जाऊन एवढं गुपचूप विचारून या, की ती म्हशी चुचकारून पिळते की पाय बांधून.